धनवंताचा भासरा

जेवणाची थाळी छपरीच्या उंबरठ्यावर ठेवायची, पदर नाकापर्यंत ओढायचा आणि बांबूच्या काठीनं थाळी हळूहळू खाटेकडे सरकवायची, ही धनवंताची रोजची रीत होती. हात इतका बसला होता, की पेज काठोकाठ भरलेली असली तरी थेंब सांडायचा नाही. थाळी खाटेच्या पायाला टेकली की ती मागं सरायची आणि अंगणात बांधलेल्या शेळीला म्हणायची, "चांदे, सांग त्याईले, पेज गरम हाय. फुकून प्या म्हना."

खाटेवरून बकाराम म्हणायचा, "चांदे, मीठ कमी पडलं म्हना."

"चांदे, मीठ सरलं हाय. बुधवारच्या बाजारात आनीन म्हना."

चिचटोला गावात त्या शेळीइतकं दुसऱ्याच्या घरातलं कोणालाच ठाऊक नसेल. बिचारी पाला चघळत दोघांकडेही सारख्याच थंड नजरेनं पाहायची.

नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. त्याला शिवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या खाटेवर टेकायचं नाही. दीर लहान असेल तर त्याच्याशी खुशाल थट्टा करावी, शिमग्याला त्याच्या डोक्यावर रंगाची घागर ओतावी. भासऱ्याला मात्र लांबूनच पाया पडायचं. चुकून शिवलं तर दोघांनीही तलावावर जाऊन अंघोळ करायची आणि जातीला जेवण घालायचं. ही रीत कोणी घालून दिली ते गावात कोणाला माहीत नव्हतं. ज्यानं घालून दिली त्याच्या घरी मोडक्या पाठीचा भासरा नसावा, एवढं मात्र नक्की.

बकारामची पाठ धानाच्या गाडीनं मोडली. तलावाच्या पाळीवरून भरली गाडी उतरताना चाक घसरलं, गाडी उलटली आणि तो खाली सापडला. तेव्हापासून कमरेखालचं अंग त्याचं राहिलंच नाही. बायको आधीच तापानं गेलेली, पोरबाळ नाही. मागं राहिला होता एक धाकटा भाऊ केवळराम, आणि तो फौजेत. घरात राहिली धनवंता, केवळरामची बायको, जिला बकारामच्या अंगाला बोट लावायची सोय नव्हती.

म्हणून शेजारचा सुखराम यायचा. सकाळी शेतावर जायच्या आधी तो बकारामला पाठीवर घेऊन मागच्या वाडीत न्यायचा, बसवायचा, धुवायचा, परत आणून टाकायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. त्याच्या बदल्यात धनवंता सुखरामच्या धानाच्या बांधीत राबायची. धानलावणीच्या, रोवण्याच्या दिवसांत आधी त्याच्या बांधीतला चिखल तुडवायचा, मग स्वतःच्या. सुखराम माणूस भला होता, पण आता पन्नाशी उलटली होती. उचलताना त्याच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो आत चुलीपाशी बसलेल्या धनवंताला ऐकू यायचा. हा थकला तर पुढं काय?

त्या वर्षी उन्हाळ्यात सडक अर्जुनीचा मनिराम रजेवर आला. केवळरामच्याच पलटणीतला गडी. तो मुद्दाम वाट वाकडी करून चिचटोल्याला आला आणि खाटेपाशी बसून बकारामला सांगू लागला, तेव्हा धनवंता दाराआड उभी राहून ऐकत होती.

"सायबानं केवळरामले बोलावलं होतं," मनिराम म्हणाला. "इचारे, घरी तुह्या भावाले कोन पायते? यानं सांगतलं, शेजारी पायते. सायब म्हने, शेजाऱ्याचा काय भरोसा? घरी कोनीच करनारा नसन तर सांग, तुहं नाव कटवून देतो, घरी जाय. आता थो रजेवर येऊन रायला, इचार करून जाईन."

दाराआड धनवंतानं चौकट घट्ट धरली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सगळ्या रजा एकापुढे एक ठेवल्या तरी नवऱ्याचा सहवास एका पावसाळ्याइतका भरला नसता. कूस अजून रिकामी होती. बाया पाणवठ्यावर कुजबुजायच्या आणि ही घागर डोक्यावर घेऊन मुकाट चालायला लागायची. आणि आता तो कायमचा येणार. कशामुळं? तर हिला भासऱ्याला शिवता येत नाही म्हणून. त्या दिवशी धनवंताला जन्मात पहिल्यांदा ही रीत चांगली वाटली. ज्यानं कोणी घालून दिली, त्याचं भलं होवो, असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि लगेच लाजली.

केवळराम आला तो आषाढात, ऐन रोवण्याच्या तोंडावर. खांद्यावर हिरवी पिशवी, पायात बूट, आणि गुडघ्यापर्यंत चिखल. आल्या आल्या त्यानं पिशवी टाकली आणि आधी भावाला उचललं. जसा होता तसा, ओल्या कपड्यांनिशी. बकाराम ओरडला, "अरे, पानी तर पी, लेका!" आणि दोघंही हसायला लागले. धनवंता चुलीपाशी भाकर थापत होती. तिच्याकडे त्यानं नुसतं एकदा पाहिलं. तेवढं तिला त्या दिवसापुरतं पुरलं.

मग कामाचे दिवस सुरू झाले. पाऊस थांबत नव्हता. पहाटे उठून केवळराम भावाला धुऊन काढायचा, दाढी करायचा, केस विंचरायचा, कोरडं धोतर नेसवायचा. मग त्याला पाठीवर घेऊन बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या उंच बांधावर नेऊन बसवायचा, डोक्यावर गोणपाटाची खोळ घालून. तिथून बकाराम कारभार करायचा.

"केवळ्या, नांगर दाबून धर! थे काय बंदूक हाय काय?"

"बंदूक हलकी असते, दादा!" केवळराम चिखलातून ओरडायचा.

धनवंता परे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटून पेंढ्या बांधायची आणि वाकून ओळीनं रोवत जायची. कंबर मोडून यायची, बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडायची. पण बांधीत पुढं नवरा नांगर धरून आहे, त्याच्या पायांनी ढवळलेल्या चिखलात आपण रोप लावतो आहोत, यात तिला जे सुख होतं ते सांगायला तिच्यापाशी शब्द नव्हते. भासरा धुऱ्यावर असल्यामुळं तिला तोंडावरचा पदर खाली करता येत नव्हता. त्या पदराआड ती दिवसभर हसत होती.

तरी एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. केवळराम रोज संध्याकाळी बूट पुसायचा. चिखलात बूट घालायचा प्रश्नच नव्हता, तरी पुसायचा, आणि खोलीच्या कोपऱ्यात टाचेला टाच लावून ठेवायचा. गावातले लोक यायचे, पलटणीच्या गोष्टी विचारायचे, तेव्हा त्याचा आवाज मोठा व्हायचा. डोंगरात बर्फ कसा कापायचा, पूल कसा बांधायचा, पंजाबी लोक किती लस्सी पितात. आणि लोक निघून गेले, धान-बैल-पाणी यांच्या गोष्टी निघाल्या, की तो हं हं करत राहायचा. चिचटोल्यात तो नेहमी थोडा वाकून उभा असल्यासारखा दिसायचा. ठेंगण्या दारांची सवय असेल, असं धनवंतानं स्वतःला समजावलं.

रजा संपत आली तशी एक दिवस तिनं विचारलंच. दोघं तलावावर बैल धूत होते.

"मंग काय ठरवलं तुमी?"

"ठरवाचं काय हाय?" केवळराम बैलाच्या पाठीवर पाणी मारत म्हणाला. "सुखरामकाकाची दशा पायली ना तू? दादाले उचलते तं पाय थरथरतेत त्याचे. तुले शिवता येत नाई. मंग रायला कोन? मीच." बैलाला वळवत तो म्हणाला, "जातो, नाव कटवतो, सामान जमा करतो, आन् येतो. दिवाळीमागं मंडईची जत्रा भरते ना, त्याच्या आत येतो."

"कायमचे?"

"कायमचा."

तिनं वाकून पाण्यात हात घातला, म्हणजे तोंड दिसू नये. तिला वाटलं, इतका आनंद तोंडावर दिसला तर त्याला दृष्ट लागेल.

रोवणा संपल्यावर ती त्याला सडक अर्जुनीपर्यंत पोचवायला गेली. गोंदियाची मोटर यायला उशीर होता. दोघं रस्त्याच्या कडेला झाडाखाली उभे राहिले. ती त्याला सांगत होती, की मंडईला या वेळी दंडारीचा खेळ आपल्या गावात होणार आहे, नाटकाची मंडळी आतापासून तालमी करताहेत. तेवढ्यात रायपूरकडून फौजी ट्रक आले, एकामागून एक. मागं बसलेल्या जवानांनी याच्या अंगावरची वर्दी पाहून हात हलवले, काहीतरी आरोळी दिली. केवळरामची पाठ एकदम सरळ झाली. तोही ओरडला, हसला, आणि शेवटचा ट्रक वळणाआड जाईपर्यंत त्या दिशेला पाहत राहिला.

धनवंतानं त्याचं तोंड पाहिलं. तिच्या मनात काहीतरी टोचलं.

"हो, काय म्हनत होती तू?" तो वळून म्हणाला. "दंडार?"

"काई नाई," ती म्हणाली. "लवकर येजा."

"येतोच," तो म्हणाला. मोटर आली आणि तो गेला.

श्रावण सरता सरता पावसानं कहर केला. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, होती तेव्हा मालगुजाराचा माणूस काठी घेऊन तलावाच्या पाळीवर फिरायचा, उंदरा-खेकड्यांची बिळं बुजवून घ्यायचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, आणि सरकार राहायचं भंडाऱ्याला. पाळीला कोणी वाली उरला नाही. त्या दिवशी सकाळी पाळ एका जागी पाझरायला लागली आणि गावातला एकूण एक गडी फावडी, टोपल्या, माती भरलेली पोती घेऊन तिकडे धावला.

धनवंता बांधीवर होती. जास्तीचं पाणी सोडून देत होती, नाहीतर कोवळी रोपं बुडून कुजली असती. दुपार कलली तेव्हा ती घरी आली. छपरीत पाहते तर खाट रिकामी.

ती मागं वाडीत धावली. बकाराम गोठ्याच्या भिंतीपाशी चिखलात आडवा पडला होता. सकाळी सुखरामनं त्याला तिथं बसवलं होतं, आणि नेमकी सुखरामलाच थंडी भरून आली. दात वाजायला लागले. "पांघरून घेऊन येतो, बस," म्हणून तो घरी गेला तो अंगात आग घेऊन अंथरुणात कोसळला. बकाराम बसल्या जागेवरून घसरला आणि कोपरांवर सरपटत घराकडे निघाला, पण नाल्याचं पाणी फुगून वाडीत शिरलं होतं. आता ते त्याच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. तो भिंतीचा एक दगड धरून मान वर काढून पडला होता. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता.

धनवंता तशीच माघारी पळाली. सुखरामच्या घरी गेली, तो शुद्धीवर नव्हता. पुढच्या घरी गेली, त्याच्या पुढच्या घरी गेली. गडी कोणीच नाही. एका दारातली म्हातारी म्हणाली, "पाळीवर सांगावा धाडतो, थांब जरा." थांब! धनवंता पुन्हा वाडीकडे धावली.

तिला येताना पाहून बकारामनं मान हलवली. "शिवू नको," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं तिला सरळ उद्देशून काढलेला हा पहिला शब्द होता.

"मंग काय मरू देऊ तुमाले?" धनवंता ओरडली, आणि हा तिचा पहिला.

तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि ओढलं. तिनं मनात धरलं होतं तेवढं वजन निघालंच नाही. खांदे रुंद होते, पण खाली सगळं सुकून गेलं होतं. धानाचा ओला भारा याहून जड असतो. चिखलातून, गोठ्यातून, मागच्या दारातून तिनं त्याला घरात आणलं, आणि ओलं धोतर सोडवायला कूस बदलली तेव्हा तिचा हात थबकला.

माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती. कडा काळ्या पडल्या होत्या, आत पू होता. केवळराम गेल्यापासून सुखराम बिचारा घाईघाईत पाणी ओतायचा, अधू नजरेला त्याच्या काय दिसणार? आणि ही रोज दोन वेळा थाळी सरकवत होती, मिठाची चौकशी करत होती. एका भिंतीपलीकडे माणूस सडत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"दुखत नाई काय हे?" तिनं विचारलं.

"तिथं काई समजतच नाई मले," बकाराम भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "वास येते तवा समजते." मग तो रडायला लागला. मोठा गडी, दाढीत चिखल, आणि लाजेनं हुंदके देत होता. धनवंतानं पाणी तापवलं, त्याला नखशिखांत धुतलं, कडुलिंबाच्या पाण्यानं जखम साफ केली, हळद भरली. ती पण रडत होती, पण हात थांबले नाहीत.

संध्याकाळी बकाराम शांत झाला. म्हणाला, "कोनाले सांगू नको. पाळीवरून कोनी आला तं सुखरामनंच तापात उठून आनून टाकलं म्हन. त्याले कुठं आठवते?"

"पन जखम..."

"सोसतो. केवळ्या येऊन रायला ना मंडईले. तवापर्यंत काय?" आणि तो हळूच म्हणाला, "समजलं तं थो कायले येईन?"

तेच तर धनवंताच्याही मनात होतं.

गड्यांनी पाळ वाचवली आणि जो तो आपापल्या बांधीकडे वळला. मग दार लोटून, कडी लावून धनवंताची सेवा सुरू झाली. कोणाला कळणार होतं? सुखरामचा ताप हटत नव्हता. एखादा गडी सवड काढून आला तर त्याला ती म्हणायची, आत्ताच दुसरा येऊन गेला. ती दर थोड्या वेळानं भासऱ्याची कूस बदलायची, जखमेला वारा द्यायची. काळ्या कडा हळूहळू गुलाबी व्हायला लागल्या. इकडे भासरा बरा होईल, तिकडे नवरा कायमचा येईल, दोन्हीही होईल. असं ती स्वतःला सांगायची. आणि सांगताना तिला अर्जुनीच्या रस्त्यावरचं ते तोंड आठवायचं. ती जोरात भांडी घासायला लागायची.

एक दिवस कडी लावायची राहिली. रुख्मा, बकारामची म्हातारी आत्या, जावयानं दिलेला भोपळा द्यायला म्हणून सरळ आत आली. पाहते तर धनवंता खाटेवर बसलेली, भासऱ्याचं डोकं तिच्या मांडीला टेकलेलं आणि ती त्याच्या पाठीला तेल लावते आहे. रुख्माच्या हातून भोपळा खाली पडला.

गावात बोभाटा व्हायला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केशोरावच्या ओट्यावर पाच-सात माणसं बसली. केशोराव जातीतला वडीलधारा. त्याला भांडण आवडायचं नाही आणि न्याय करायला फार आवडायचं. धनवंता खाली अंगणात उभी होती, पदर घेऊन.

"हे पाय, बाई," केशोराव म्हणाला, "मानूस पान्यात बुडून रायला होता. तू काढला. त्याले कोनी दोस देनार नाई. तलावावर जा, आंग धू, जेवनाचंही आमी सोडून देतो. झालं गेलं सोड. केवळराम नाव कटवून येऊनच रायला. तवापर्यंत आमी पाहू बकारामले. फक्त आता शिवाचं नाई. म्हन हो."

म्हण हो. एवढंच तर करायचं होतं. तिला जे जे हवं होतं ते सगळं केशोरावनं आयतं तिच्या ओटीत घातलं होतं. नवरा येईल. पुढच्या आषाढात बांधीत पुढं त्याचा नांगर असेल. मान हलवायची, तलावावर जायचं, झालं.

"उद्या सकाळी कोन येते?" धनवंतानं विचारलं.

"अं?"

"भासऱ्याले उचलाले. उद्या सकाळी कोन येते? दिवसातून दहा वेळा कूस बदलावी लागते. जखम हाय पाठीले, तळहाताएवढी. थे धुवाची. कोन येते, नाव सांगा."

ओट्यावरच्या एकाची निंदणी राहिली होती. एकाची बायको बाळंत होती. एकजण तंबाखू मळण्यात फारच गुंगून गेला. ओट्याच्या कडेला घोंगडी पांघरून बसलेला सुखराम उठायला लागला, "मी येतो ना," आणि खोकल्यानं त्याला तिथंच खाली बसवलं.

"तुमी नोका येऊ, काका," धनवंता म्हणाली. "तुमी लय केलं."

"अवो, पन थोडेच दिवस तं हायेत!" केशोराव चिडला. "मंडईले केवळराम येऊन रायला ना!"

"त्याईले नोका बोलावू," धनवंता म्हणाली. "त्याईचं मन तिकडं हाय. भासऱ्याले कोनी नाई म्हनून थे येऊन रायले. भासऱ्याले मी हाय. मी उचलीन, मी धुईन, रोज शिवीन. रोज जेवन घालाले माह्याकडे धान नाई. तुमाले वाळीत टाकाचं असन तं टाका."

तेवढ्यात मागून रुख्मा म्हातारी पुढं आली. भोपळा पाडल्यापासून तिला झोप नव्हती.

"वाळीत कायले टाकता?" ती म्हणाली. "सुनेनं शिवू नये, लेकीनं शिवावं का नाई? बकारामले लेक नाई, हिले बाप नाई. करा तिले त्याची लेक. लावा कुंकू, द्या लुगडं, संपलं."

"असं कसं, बुढे?" केशोराव म्हणाला. "थे लेक, तं मंग केवळराम कोन झाला? भावाचा जवाई?"

"जवाई तं जवाई," रुख्मा म्हणाली. "जवाई तसाही घरी रायत नाई."

सगळा ओटा खो खो हसला. केशोरावही हसला, सुखराम खोकत खोकत हसला. धनवंतापण पदराआड हसली, आणि हसता हसता तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

लुगडं रुख्मानंच दिलं, आपलं जुनंच. बकारामनं खाटेवरून तिच्या कपाळाला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी धनवंता अर्जुनीला चालत गेली आणि पोस्टातल्या मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं. भासऱ्याला आता मी पाहते, जातीनं मान्य केलं आहे, तुम्ही नाव कटवू नका. मास्तरांनी विचारलं, आणखी काही? तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "सर्दी-पडसं जपा म्हनून लिवा."

जखम भरली. धान निसवलं. दिवाळी झाली आणि मंडईचा दिवस आला. गावात पाहुणे लोटले, मिठाईची दुकानं लागली. धनवंतानं घर सारवलं, रांगोळी घातली, कोणासाठी ते तिचं तिला माहीत. कार्ड पोचलं नसेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पोस्टात कार्डं हरवतात. आपलंही हरवलं असावं, अशी आशा तिला वाटली आणि ती तिनं दाबून टाकली नाही.

दुपारी वर्दीतला माणूस गल्लीत शिरला. तिच्या हातातलं भांडं निसटलं. मनिराम होता.

तो छपरीत बसला, गूळपाणी घेतलं. बकाराम खाटेवर टेकून बसला होता, दाढी केलेली, स्वच्छ. मनिराम त्याच्याकडे पाहतच राहिला.

"केवळराम खुशाल हाय," तो म्हणाला. "अन् कार्ड आलं ना तुमचं, त्या दिवशीची गंमत सांगू? सायबाच्या टेबलावर नाव कटवाचा कागद जाऊन रायला होता. यानं धावत जाऊन परत घेतला. सारी पलटन पायत रायली. असा नाचला गा थो! कँटिनमधून गूळ आनला अन् साऱ्याईले वाटला. म्हने, माह्यी घरवाली हाय तं मी हाव. साऱ्या बराकीले सांगत फिरला."

धनवंता ऐकत होती. नवऱ्यानं भर पलटणीत तिचं नाव काढलं, तिचा मोठेपणा सांगितला. ती हसली. "अजून गूळ घ्या ना, भाऊ," म्हणाली. मनिरामला तिनं पोहे करून दिले, त्याची नीट बोळवण केली, दारापर्यंत गेली.

परत येऊन ती खाटेपाशी जमिनीवर बसली. बाहेर दंडारीचं ढोलकं वाजायला लागलं होतं.

"नाचला म्हने," ती म्हणाली, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

बकारामनं खाटेवरून हात लांब केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "मलेही वाटत होतं, थो येईन म्हनून," तो म्हणाला. "सांगत नव्हतो. रांगोळी पायली ना तुही, तवा आनखीनच वाटाले लागलं."

ती पुष्कळ रडली. त्यानं रडू दिलं. त्याचेही डोळे वाहत होते. इतकी वर्षं एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, ही दोघं एकाच माणसाची वाट पाहत होती, आणि त्याच्याबद्दल एक शब्द एकमेकांशी बोलायची सोय नव्हती.

"लहानपनी कसे होते थे?" धनवंतानं डोळे पुसत विचारलं.

"कोन, केवळ्या?" बकाराम हसला. "लय मोठी गोष्ट हाय थे. चूल तं पेटवाची असन ना तुले?"

"पेटवीन मंग," ती म्हणाली, आणि खाटेच्या कडेवर बसून तिनं त्याचे पाय मांडीवर घेतले. "तुमी सांगा."

बकाराम सांगू लागला.